मोआरे : कापडबाजारातून छापखान्यात गेलेला एक अरबी शब्द

दोन नक्ष्या एकमेकींवर आल्या की तिसरीच नक्षी उमटते. ती ओळखता आली तर नुकसान टळते, भांडण टळते, आणि कधी कधी तीच नक्षी कामालाही येते.

छपाई, स्क्रीन प्रिंटिंग, कापड आणि तयार कपडे या धंद्यांत आपले हजारो बांधव आहेत. या सर्वांना कधी ना कधी एका विचित्र दोषाशी गाठ पडते. काम स्वच्छ झालेले असते, रंग बरोबर असतात, शाईही चांगली असते, पण चित्रावर कुठून तरी लहरी, पट्टे किंवा जाळी उमटलेली दिसते. मूळ चित्रात ती नसते. गिऱ्हाईक म्हणते, "हे काय केलेत?" मालक मशीनवाल्याकडे बघतो, मशीनवाला फिल्मवाल्याकडे बोट दाखवतो, फिल्मवाला म्हणतो चित्रच खराब होते. शेवटी ज्याचा आवाज लहान त्याच्या मजुरीतून पैसे कापले जातात.

या दोषाला नाव आहे, कारण आहे आणि इलाजही आहे. नाव आहे मोआरे. छापखान्यात त्याचा उच्चार कधी असा होतो की नवख्याला ते मोरे आडनावच वाटावे! शब्द फ्रेंच आहे असे पुस्तके सांगतात आणि ते खोटे नाही. पण त्याची मुळे शोधत गेलो तर आपण फ्रान्सहून निघून थेट अरबी भाषेत आणि अंकाराच्या शेळीबाजारात पोचतो.

'मुखय्यर'चा प्रवास

अरबीत 'मुखय्यर' म्हणजे निवडलेले, वेचून काढलेले. ज्या धातूपासून खैर, इख्तियार, मुख्तार आणि इस्तिखारा हे शब्द झाले, त्याच ख-य-र या धातूपासून हाही शब्द झाला. शेळीच्या निवडक केसांपासून विणलेल्या उंची कापडाला हे नाव मिळाले. तुर्कस्तानातील अंकारा, म्हणजे जुने अंगोरा, येथील शेळीचे केस लांब आणि चमकदार असतात. उस्मानी काळात अंकारा शहर या केसांच्या धाग्यासाठी आणि कापडासाठी प्रसिद्ध होते. युरोपचे व्यापारी तो माल इझमीरच्या बंदरातून नेत.

इटालियन व्यापाऱ्यांच्या तोंडी मुखय्यरचे 'मोकायारो' झाले. इंग्रजांनी त्याचे 'मोहेअर' केले. इंग्रजीत केसाला 'हेअर' म्हणतात, म्हणून शब्दाचे शेपूट त्यांनी आपल्या सोयीने वळवून घेतले. फ्रेंचांनी मोहेअरचे 'मोआर' केले. पुढे शेळीचे केस मागे पडले आणि ज्या रेशमावर पाण्यासारख्या लहरी चमकतात त्या रेशमाला हे नाव चिकटले. अशा लहरी काढलेल्या कापडाला फ्रेंचमध्ये 'मोआरे' म्हणू लागले. शेवटी दोन रेघाळ किंवा जाळीदार वस्तू एकमेकींवर आल्यावर ज्या लहरी दिसतात, त्या सर्वच लहरींना शास्त्रज्ञांनी आणि छापखानेवाल्यांनी तेच नाव दिले.

कापडाच्या नावांत असा प्रवास पुष्कळ वेळा झाला आहे. दमास्कसवरून डमास्क आले, मोसूलवरून मस्लिन आले. बगदादमध्ये उमय्या घराण्यातील अत्ताब याच्या नावाचा एक मोहल्ला होता. तिथे विणल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या रेशमी कापडाला 'अत्ताबी' म्हणत. त्याचेच इंग्रजीत 'टॅबी' झाले. तेही पुढे लहरदार रेशमाचे नाव बनले. अंगावर पट्टे असलेल्या मांजराला इंग्रज आजही टॅबी म्हणतात आणि विणकामाच्या पुस्तकांत साध्या विणीलाही टॅबी म्हणतात. आपल्याकडचे 'मशरू' हे नावही याच जातीचे : अंगाला सूत लागावे आणि वर रेशीम दिसावे, म्हणजे शरीअतच्या दृष्टीने जायज कापड.

कारागिरांच्या मालाबरोबर त्यांचे शब्दही दूरवर गेले. आज ते शब्द परक्या वेषात परत येतात आणि आपल्याला अवघड वाटतात, एवढेच.

रेशमावर पाणी कसे चढते

मोआरे रेशमावर लहरी विणलेल्या नसतात आणि रंगवलेल्याही नसतात. आडव्या उठावदार रेघांचे कापड घेतात. ते लांबीतून दुमडून एक भाग दुसऱ्या भागावर ठेवतात. मग ओलावा, उष्णता आणि कॅलेंडरच्या रुळांचा प्रचंड दाब देतात. वरच्या आणि खालच्या कापडाच्या रेघा कितीही जपले तरी तंतोतंत एकावर एक बसत नाहीत. कुठे रेघ रेघेवर येते आणि चपटी होते, कुठे रेघ दोन रेघांच्या फटीत बसते आणि उभी राहते. चपट्या जागेवर उजेड एका तऱ्हेने परततो, उभ्या जागेवर दुसऱ्या तऱ्हेने. डोळ्याला वाटते की कापडावरून पाणी वाहत आहे.

व्यापाऱ्याला दोन गोष्टी माहीत असाव्यात. पहिली, खऱ्या मोआरेची नक्षी कुठेही हुबेहूब पुन्हा येत नाही. कोरलेल्या रुळाने दाबून काढलेल्या नकली मोआरेत मात्र ठरावीक अंतराने तीच नक्षी परत येते. दोन-तीन मीटर कापड उलगडून पाहिले की फरक कळतो. दुसरी, रेशमी मोआरेवर पाणी पडले की लहरी उतरतात, म्हणून ते पाण्याने धुता येत नाही. ॲसिटेटसारख्या कृत्रिम धाग्यावरची नक्षी जास्त टिकते. विकताना हे गिऱ्हाइकाला सांगणे व्यापाऱ्याचे कर्तव्य आहे.

हिशोब अगदी सोपा आहे

घरातले दोन बारीक कंगवे एकावर एक धरून उजेडाकडे पाहा आणि एक किंचित तिरपा करा. जाड काळे पट्टे दिसतील. दोन मच्छरदाण्या, दोन जाळीचे पडदे किंवा नेटची दुहेरी ओढणी घेतली तरी तोच प्रकार दिसतो. तुम्ही जरा सरकलात की पट्टे भराभर पळतात.

यामागचा हिशोब असा. एका जाळीत इंचाला ५० रेघा आहेत आणि दुसरीत ५२. दोन्ही सरळ एकावर एक ठेवल्या तर इंचाला २ पट्टे दिसतील, म्हणजे अर्ध्या अर्ध्या इंचावर एक. ५० आणि ५१ असतील तर इंचाला एकच पट्टा दिसेल. म्हणजे दोन आकड्यांतला फरक हीच पट्ट्यांची संख्या. फरक जितका कमी, पट्टा तितका रुंद आणि डोळ्यांत भरणारा. दोन्ही अगदी सारख्या असतील आणि कोनही सारखा असेल तर पट्टे दिसतच नाहीत.

आता कोनाचा हिशोब. दोन्ही जाळ्या सारख्याच आहेत, रेघांमध्ये एक मिलिमीटर अंतर आहे, पण एक जाळी फक्त १ अंशाने तिरपी झाली. अशा वेळी पट्टे जवळजवळ ५७ मिलिमीटर अंतरावर येतात. ५ अंशांनी तिरपी केली तर साडेअकरा मिलिमीटरवर येतात, आणि ३० अंशांनी केली तर दोन मिलिमीटरहूनही कमी अंतरावर. म्हणून थोडी तिरपाई फार वाईट असते आणि भरपूर तिरपाई बरी. पट्टे नाहीसे होत नाहीत, पण इतके बारीक होतात की डोळा त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. छापखान्याची सगळी युक्ती या एका गोष्टीवर उभी आहे.

छापखान्यात काय घडते

रंगीत छपाई बारीक ठिपक्यांची असते. निळा, गुलाबी, पिवळा आणि काळा या चार शायांच्या ठिपक्यांच्या चार जाळ्या एकावर एक छापल्या जातात. चांगल्या कामात इंचाला १५० ओळी धरतात, म्हणजे दोन ठिपक्यांत सुमारे ०.१७ मिलिमीटर अंतर. चारही जाळ्या एकाच कोनात ठेवल्या आणि एखादी १ अंशाने चुकली, तर सुमारे एक सेंटिमीटर अंतरावर पट्टे येतील आणि चित्राचा सत्यानाश होईल.

म्हणून प्रत्येक रंगाला वेगळा कोन देतात. चौकोनी जाळी ९० अंशांनी फिरवली की पुन्हा तशीच दिसते, त्यामुळे वाटून द्यायला फक्त ९० अंश हातात असतात. तीन ठळक रंगांना ३०-३० अंशांचे अंतर मिळते : निळा १५, काळा ४५, गुलाबी ७५. उरलेला पिवळा ० अंशावर जातो. तो शेजाऱ्यांपासून १५ अंशांवरच असतो, पण पिवळा रंग फिका असल्यामुळे त्याच्या लहरी डोळ्याला टोचत नाहीत. भिंगातून चांगली छपाई पाहिली तर ठिपक्यांची लहान लहान फुले दिसतात. ती याच ३० अंशांची किमया. मात्र हे तीन कोन नेमके लागतात. थोडीशी चूक झाली तरी तीन रंग मिळून मोठ्या लहरी काढतात.

पूर्वी हे कोन फिल्मवर पडत. आता बहुतेक ठिकाणी संगणकातून थेट प्लेट निघते आणि कोन सॉफ्टवेअर ठरवते. म्हणजेच मशीनवर उभा असलेला कारागीर कोन ठरवत नाही. शाई कमीजास्त होणे किंवा रंग सरकणे हे त्याच्या हातात असते, पण मोआरे बहुतेक वेळा प्लेट त्याच्या हातात येण्याआधीच ठरलेला असतो. ठिपके ठरावीक जाळीत न बसवता विखरून टाकण्याची पद्धतही निघाली आहे. त्यात जाळीच नसल्यामुळे रंगांच्या कोनांचा मोआरे येत नाही. पण तिला बारकाईने काम करणारी प्लेट आणि मशीन लागते.

दोषाचे आणखी दोन उगम आहेत. एक म्हणजे छापील चित्रावरून पुन्हा चित्र काढणे. गिऱ्हाईक जुनी पत्रिका, कॅलेंडर किंवा मासिकाचे कात्रण आणून देते आणि म्हणते, "हेच छापा." त्या कात्रणात आधीच ठिपक्यांची जाळी असते. स्कॅनरची जाळी तिच्यावर बसते, मग नव्या छपाईची तिसरी जाळी बसते. लहरी उमटल्या नाहीत तरच नवल. मूळ फोटो मिळवणे हा उत्तम इलाज. तो नसेल तर स्कॅनरमधली जाळी काढण्याची सोय वापरावी, मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून चित्र किंचित मऊ करावे आणि मग लहान करावे. चित्राची धार थोडी जाते, पण जाळी जाते.

दुसरा उगम चित्रातल्या वस्तूचाच. बारीक चौकडीचा शर्ट, उभ्या रेघांचे सूटिंग किंवा पोताची साडी यांचे फोटो कॅटलॉगमध्ये छापताना कापडाची वीण आणि छपाईचे ठिपके एकमेकांत अडकतात. अशा वेळी चित्राचा आकार थोडा बदलला किंवा ठिपके आणखी बारीक केले तर बहुधा सुटका होते.

स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांसाठी

स्क्रीन प्रिंटिंगमध्ये एक जाळी जास्तीची असते, ती म्हणजे चौकटीवर ताणलेले कापड. त्यामुळे इथे एकाच रंगाच्या कामातही मोआरे येतो. टी-शर्ट, पिशव्या, पत्रिका आणि स्टिकर छापणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली : जाळीचे धागे चित्राच्या ठिपक्यांपेक्षा चार ते पाच पट दाट हवेत. १२० नंबरच्या जाळीत सेंटिमीटरला १२० धागे असतात, म्हणजे इंचाला सुमारे ३०५. तिच्यावर इंचाला ६० ओळींचे चित्र बऱ्यापैकी बसते. त्याच जाळीवर १०० ओळींचे चित्र लादले तर जाळी आणि ठिपके भांडणारच.

दुसरी : फिल्म जाळीच्या धाग्यांशी सरळ किंवा जवळजवळ सरळ लावू नये. एका रंगाचे काम असेल तर अनेक कारागीर ठिपक्यांचा कोन साडेबावीस अंश ठेवतात आणि त्याचा अनुभव चांगला आहे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची : इमल्शन लावण्याआधी, ताणलेली कोरी जाळी उजेडाच्या टेबलावर ठेवा आणि तिच्याखाली फिल्म सरकवा. लहरी दिसल्या तर फिल्म हळूहळू फिरवा. एका कोनावर लहरी विरून जातात. तिथे चौकटीवर खूण करा आणि त्याच कोनात एक्सपोजर द्या. या कामाला दोन मिनिटे लागतात, पैसा एकही लागत नाही आणि शेकडो टी-शर्ट वाचतात.

दोष कुठला, हे कसे ओळखावे

भांडणाच्या वेळी पुढील क्रमाने तपास करावा. प्रत्येक रंगाची फिल्म किंवा तिचा एकरंगी छाप वेगळा पाहावा. एकाच रंगात लहरी दिसत असतील तर दोष चित्रात आहे : एक तर छापील कात्रणावरून स्कॅन केले आहे किंवा कपड्याचे पोत आड आले आहे. प्रत्येक रंग वेगवेगळा स्वच्छ आहे पण दोन किंवा तीन रंग एकावर आले की लहरी येतात, तर दोष कोनांचा. स्क्रीनच्या कामात फिल्म स्वच्छ आहे पण छाप लहरी घेऊन येतो, तर दोष जाळीचा किंवा फिल्म ज्या कोनात लावली त्याचा.

या तीन प्रश्नांनी बहुतेक भांडणे मिटतात, कारण आवाज कोणाचा मोठा हे बाजूला पडते आणि पुरावा बोलतो.

हाच दोष कामाला लावला तर

फरक जितका लहान, तितका पट्टा मोठा. म्हणजे मोआरे हे एक प्रकारचे भिंग आहे. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८७४ मध्येच दाखवून दिले की अतिशय बारीक रेघांच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून त्यांतली चूक या लहरींवरून तपासता येते. कापडाच्या धंद्यातून पुढे आलेले हान्स पीटर लून यांनी १९२० च्या दशकात याच तत्त्वावर धागे मोजण्याचे साधन बनवले. त्याचे नाव लूनोमीटर. रेघा आखलेली पारदर्शक पट्टी कापडावर ठेवायची आणि लहरींची आकृती जिथे जुळते तिथला आकडा वाचायचा. तोच इंचातल्या धाग्यांचा आकडा. हेच लून पुढे आयबीएममध्ये गेले. क्रेडिट कार्डाचा नंबर खरा की चुकीचा हे तपासणारे सूत्रही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथील यंत्रमागवाल्यांना या साधनाचे मोल सांगायला नको. ग्रे कापडाचा सौदा रीड आणि पीकवर होतो. समजा ९२ बाय ८८ चे कॅम्ब्रिक ठरले आणि प्रत्यक्षात पीक ८४ च भरले. इंचाला फक्त ४ धागे कमी, पण बाण्याच्या हिशोबाने ही साडेचार टक्क्यांची घट आहे. शंभर मीटरमागे साडेचार मीटरचा बाणा कमी. माग मालक, मास्तर, दलाल आणि व्यापारी यांच्यात अशा चार धाग्यांवरून कितीतरी सौदे बिघडतात.

पीक ग्लासने धागे मोजणे हा पक्का मार्ग आहेच. पण एकेक धागा मोजताना डोळे थकतात आणि एका ताक्यात दोन-तीन जागाच तपासल्या जातात. त्याच्या जोडीला एक स्वस्त उपाय करता येतो. इंचाला बरोबर ८८ समांतर रेघा असलेली पारदर्शक फिल्म काढून घ्यावी. कापड न ताणता उजेडाच्या काचेवर पसरावे आणि फिल्मच्या रेघा बाण्याला समांतर ठेवाव्यात. पीक बरोबर ८८ असेल तर पट्टे दिसणार नाहीत. इंचाला ४ पट्टे दिसले तर चार धाग्यांचा फरक आहे. फरक कमीचा की जास्तीचा, हे एकटी फिल्म सांगत नाही. म्हणून ८६ रेघांची दुसरी फिल्म जवळ ठेवावी. ती ठेवल्यावर पट्टे कमी झाले तर पीक कमी आहे, वाढले तर जास्त आहे. संशय आला की पीक ग्लासने मोजून खात्री करावी. अशा रीतीने संपूर्ण ताका काही मिनिटांत नजरेखालून जातो. मात्र ग्रे कापडाचे आकडे आणि धुऊन, रंगवून आलेल्या कापडाचे आकडे एक नसतात. कापड आटते आणि धागे दाटतात. सौदा ग्रेचा असेल तर तपासही ग्रेवरच व्हावा.

नोटा छापणारेही मोआरेला कामाला लावतात. नोटेवरच्या अतिबारीक रेघा अशा आखलेल्या असतात की नकल करणाऱ्याने स्कॅन केले की लहरी उमटाव्यात. आणि अलीकडची गोष्ट म्हणजे, अमेरिकेतील एमआयटी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीचे दोन पापुद्रे सुमारे १.१ अंशाने तिरपे ठेवले. त्यातून झालेल्या मोआरेमुळे ते अतिशय थंड केल्यावर त्यांतून वीज विनाअडथळा वाहू लागली. कंगव्यातला खेळ अणूंपर्यंत पोचला आहे.

मोबाईलवर माल विकणाऱ्यांसाठी

आता साड्या, ड्रेस मटेरियल आणि शर्टिंगचे फोटो मोबाईलवरून गिऱ्हाइकाला पाठवले जातात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातही बारीक चौकोनांची जाळी असते. बारीक रेघांच्या कापडावर ती बसली की फोटोत निळे-पिवळे रंगीत पट्टे दिसतात. गिऱ्हाईक म्हणते कापडावर डाग आहेत, किंवा तेच डिझाइन समजून माल मागवते आणि हातात आल्यावर परत पाठवते. जाण्यायेण्याचा खर्च व्यापाऱ्याच्या अंगावर पडतो.

उपाय साधे आहेत. कॅमेरा थोडा पुढे-मागे करावा, किंचित तिरपा धरावा आणि एका कापडाचे तीन-चार फोटो घ्यावेत. एक फोटो अगदी जवळून घ्यावा म्हणजे खरी वीण दिसते. फोटो मोठा करून पाहावा : मोठा-लहान करताना पट्टे बदलत असतील तर ते फक्त पडद्यावरचे आहेत, तसेच राहत असतील तर ते फोटोतच आलेले आहेत आणि फोटो पुन्हा घ्यायला हवा. नेटच्या दुहेरी ओढण्या आणि नकाब शिवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की एकाच जातीच्या नेटचे दोन थर लावले तर लहरी येणारच. नको असतील तर एका थराला साधे अस्तर किंवा बऱ्याच वेगळ्या भोकांची नेट लावावी.

नुकसान कोणी सोसावे?

इथे पुन्हा ख-य-र या धातूकडे यावे लागते. फिकहच्या किताबांत खरेदी-विक्रीच्या प्रकरणात 'खियार' हा शब्द येतो. खियार म्हणजे सौदा ठेवण्याचा किंवा मोडण्याचा इख्तियार. मालात लपलेला ऐब निघाला तर खरेदीदाराला 'खियार-ए-ऐब' मिळतो. हनफी फिकहमध्ये न पाहता घेतलेल्या मालासाठी 'खियार-ए-रूयत', म्हणजे पाहिल्यावर निर्णय घेण्याचा हक्क आहे. ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेण्याच्या कराराला 'इस्तिस्ना' म्हणतात. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात तयार झालेल्या 'मजल्ला' या कायद्याने या कराराबाबत स्पष्ट केले की करार झाल्यावर कोणालाही माघार घेता येत नाही, पण माल ठरलेल्या वर्णनाप्रमाणे नसेल तर ऑर्डर देणाऱ्याला खियार आहे. आपल्या देशाच्या १९३० च्या मालविक्री कायद्याचे कलम १७ ही याच दिशेने जाते : नमुन्यावरून विकलेला माल नमुन्यासारखा हवा आणि नमुना नीट तपासूनही दिसला नसता असा दोष त्यात नको.

याचा अर्थ असा की सगळे काही 'काय ठरले होते' यावर अवलंबून आहे, आणि आपले बहुतेक सौदे तोंडी ठरतात. म्हणून ऑर्डर घेतानाच चार गोष्टी कागदावर याव्यात. गिऱ्हाइकाने मूळ फोटो दिला की छापील कात्रण, हे लिहावे. कात्रण असेल तर लहरी येण्याची शक्यता आधी सांगून त्याची सही घ्यावी. प्रूफ कशावर दाखवले ते लिहावे, कारण साध्या इंकजेटच्या प्रूफमध्ये छपाईचे ठिपके नसतात आणि मोआरे त्यात दिसतच नाही. ते पाहून दिलेली मंजुरी अपुरी असते. चौथी गोष्ट, मशीनवरचा पहिला स्वच्छ कागद किंवा पहिला टी-शर्ट गिऱ्हाइकाला दाखवून त्यावर सही घेतल्याशिवाय पुढचा माल काढू नये.

हदीसमध्ये धान्याच्या ढिगाचा प्रसंग प्रसिद्ध आहे. पैगंबर (स.) यांनी बाजारात ढिगात हात घातला, आत ओल लागली. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, म्हणजे लोकांना दिसले असते. फसवणूक करणारा आपल्यातला नाही, ही ताकीद त्याच प्रसंगातली आहे. पाऊस पडणे हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता, ओल लपवणे हा होता. मोआरेचेही तसेच आहे. तो कोणाच्याही कामात येऊ शकतो. तो दिसल्यावर गठ्ठ्याच्या मधोमध खराब कागद दडपून देणे ही फसवणूक आहे, आणि तपास न करता हेल्परची मजुरी कापणे हा त्याच्यावर जुलूम आहे.

आपल्याकडे हुनर हाताला असतो, पण त्याची भाषा दुसऱ्याकडे असते. म्हणून पंचवीस वर्षे मशीन चालवलेला माणूस नुकत्याच शिकून आलेल्या डिझायनरपुढे गप्प बसतो. कारखान्यात नवीन मुलगा कामाला लागला की त्याला शाई आणि ब्रश देताना मोआरे, कोन आणि जाळीचा नंबर हे शब्दही शिकवावेत. दोन कंगवे आणि एक बल्ब एवढ्या साहित्यात धडा पुरा होतो. दोषाचे नाव आणि कारण सांगता आले की त्या मुलाचे म्हणणे मालकालाही ऐकावे लागेल आणि गिऱ्हाइकालाही.